चार तारांचा हिशेब

कॉमर्सच्या पदवीधराबद्दल समाजाचे मत कायमचे ठरून गेलेले आहे. या माणसाने खतावण्या लिहाव्यात, व्हाउचरांवर सह्या कराव्यात, ताळेबंद जुळला की एक चहा प्यावा आणि नाही जुळला तर दोन प्यावेत. कलेच्या प्रांतात त्याने फार तर नाटकाचे तिकीट काढावे, तेही बाल्कनीचे. म्हणूनच आज मी सांगणार आहे ती हकिगत तमाम बी. कॉम. मंडळींनी कात्रण काढून पाकिटात ठेवावी अशी आहे. रॉक आणि पॉप संगीत ज्या वाद्याच्या पायावर उभे आहे, ती इलेक्ट्रिक बेस गिटार ज्याने जगभर रूढ केली तो गृहस्थ शिक्षणाने हिशेबनीस होता. आणि त्याहून कौतुकाची गोष्ट म्हणजे, त्याला गिटार वाजवता येत नव्हती!

हे ज्ञान मला झाले ते आमच्या चिरंजीवांमुळे. कॉलेजच्या बँडमध्ये ते बेस गिटार वाजवतात. एका सीनियरने कोर्स संपताना स्वस्तात देऊन टाकलेली गिटार त्यांनी तीन वर्षे वापरली आणि एके दिवशी जेवताना जाहीर केले, "बाबा, आता अपग्रेड करायला हवं. फार महाग नको. परवडेल अशीच बघू."

"कसली गिटार म्हणालास? बास गिटार?" हिने आमटी वाढता वाढता विचारले. "मग बास की आता!"

मी मात्र गप्प राहिलो. कर्जाचा अर्ज आला की आधी अर्जदाराचा पूर्वेतिहास तपासायचा, ही आमच्या टेबलाची शिस्त. मी त्या वाद्याचीच फाइल उघडली.

आधी अनभिज्ञांसाठी थोडा खुलासा. बेस गिटारला बहुधा चार तारा असतात. त्या जाड असतात आणि नेहमीच्या गिटारपेक्षा एक सप्तक खाली बोलतात. सर्वांत खालच्या तारेची कंपने सेकंदाला जेमतेम ४१. हा आवाज कानाला कमी आणि बरगड्यांना जास्त कळतो. तो चालू असतो तेव्हा कोणी विचारत नाही, बंद पडला की मात्र गाण्याखालची जमीन गेल्यासारखी वाटते. आमच्या कचेरीतल्या क्लिअरिंगच्या टेबलाचेही असेच होते.

पूर्वी हे काम डबल बेस करीत असे. माणसापेक्षा उंच, कपाटासारखे ते वाद्य बसमध्ये मावायचे नाही आणि मावले तर वादक मावायचा नाही. एवढे करून जलशात ढोल, ट्रम्पेट आणि विजेवरची गिटार सुरू झाली की या कपाटाचा आवाज कोणालाच ऐकू येत नसे. सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्कने १९३० च्या दशकातच यावर तोड काढली. गिटारसारखी आडवी धरायची विजेवरची बेस त्याने ६५ डॉलरना विकायला काढली. पण लोकांनी पाठ फिरवली. वेळेआधी आलेल्या माणसाला दारात ताटकळत उभे राहावे लागते, तसे झाले.

वेळेवर आला तो लिओ फेंडर. १९०९ साली कॅलिफोर्नियात जन्मलेल्या या माणसाने फुलर्टनच्या ज्युनियर कॉलेजात हिशेबाचे शिक्षण घेतले. बर्फाच्या कंपनीत खाती लिहिली, मग सरकारी महामार्ग खात्यात लिहिली. महामंदीत ती नोकरी गेली. पुढे टायर कंपनीत हिशेब पाहिले, तीही गेली. तेव्हा १९३८ साली ६०० डॉलरचे कर्ज काढून त्याने रेडिओदुरुस्तीचे दुकान थाटले. 'कर्ज काढून' हे शब्द वाचताच मला तो माणूस आपला वाटू लागला.

दुकानात वादक येत, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करून घेत आणि तक्रारी सांगत. लिओ त्या ऐकून घेत असे. वाजवता येत नसल्यामुळे त्याला वादकांना शिकवण्याचा मोह नव्हता, हा केवढा फायदा! १९५१ साली त्याने आपली बेस बाजारात आणली. सपाट फळीचे भरीव अंग, स्क्रूने जोडलेली मान आणि मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या. डबल बेसवर सूर अंदाजाने शोधावा लागतो, इथे पट्टीमागे बोट दाबले की सूर नेमका मिळतो. म्हणून तिचे नाव प्रिसिजन बेस. किंमत सुमारे २०० डॉलर. मान खराब झाली तर स्क्रू काढून नुसती मान बदला, सगळे वाद्य टाकू नका. हे डोके कलावंताचे नव्हे, घसाऱ्याची कलमे ज्याने स्वतः लिहिली आहेत अशा माणसाचे आहे.

आता 'परवडेल अशीच' या चिरंजीवांच्या शब्दांकडे येतो. १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये बीटल्स नावाची पोरे रात्र रात्र वाजवून पोट भरत होती. त्यांच्या बेसवाल्याने बँड सोडला आणि ते काम पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडले. 'गळ्यात पडले' हे अक्षरशः खरे, कारण मागे उभे राहून जाड तारा ओढायला कोणीच राजी नव्हते. फेंडरची किंमत १०० पौंडांच्या घरात. ती परवडेना म्हणून पॉलने व्हायोलिनच्या आकाराची जर्मन हॉफनर घेतली, ३० पौंडांच्या आसपास. तो डावखुरा. ही गिटार दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे उलटी धरली तरी वेडीविद्री दिसत नव्हती. खिशाला झेपते आणि चारचौघांत बरी दिसते! आमच्या घरातला सोफा नेमक्या याच दोन मुद्द्यांवर आलेला आहे. पुढे ती गिटार १९७२ साली लंडनमध्ये एका गाडीतून चोरीला गेली आणि अर्ध्या शतकानंतर एका घराच्या माळ्यावर सापडली. मालकाला ती परत मिळाल्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. तिची आजची किंमत मी मुद्दामच काढलेली नाही. चिरंजीवांना कळली तर ते "बाबा, ही गुंतवणूक आहे" म्हणतील.

पण मला खरा चटका लावला तो डेट्रॉइटच्या जेम्स जेमर्सनने. मोटाऊन कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांत खालून जो झुळझुळता प्रवाह वाहतो तो याचा, तोही उजव्या हाताच्या एकाच बोटाने काढलेला. १९६२ ची एक प्रिसिजन बेस त्याने वर्षानुवर्षे वापरली आणि तार तुटेपर्यंत तार बदलली नाही. अपग्रेड हा शब्द त्याच्या कोशातच नव्हता. गाणी घराघरांत पोचली, पण तबकडीच्या वेष्टनावर वादकांची नावे नसत. १९७१ साली मार्विन गेच्या एका अल्बमवर नाव छापले गेले, तोवर त्याची उमेदीची वर्षे सरत आली होती. १९८३ साली तो गेला. त्याच्या आधी थोडेच दिवस ती गिटारही चोरीला गेली. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव लागले ते २००० साली. हे वाचून झाल्यावर मी बराच वेळ नुसता बसून होतो. मार्चअखेरीला रात्री अकराला ताळेबंद जुळवणारे कितीतरी चेहरे मला आठवले. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत त्यांतला एकही नसतो.

बाजाराची कथाही मजेची आहे. १९६५ च्या जानेवारीत लिओने आपली कंपनी १३० लाख डॉलरना सीबीएसला विकली. त्यानंतर माल उतरला, असे वादक बोलू लागले. १९७० च्या दशकात जपान्यांनी स्वस्तात इतक्या चांगल्या नकला काढल्या की अस्सलाला घाम फुटला. अखेर १९८२ साली फेंडरने जपानमध्येच गिटारी करायला घेतल्या आणि स्वस्त मालाला नाव दिले स्क्वायर. हे एका जुन्या तारा बनवणाऱ्या कंपनीचे नाव, फेंडरने पूर्वीच विकत घेतलेले. ज्याची नक्कल थांबवता येत नाही त्याला कामाला लावावे, हा व्यवहार मला फार आवडला.

एवढी तयारी करून मी चिरंजीवांबरोबर दुकानात गेलो. ते रंग बघत होते, मी तपासणी करीत होतो. एक डोळा मिटून मान सरळ आहे का पाहिले. पट्ट्यांच्या कडांवरून बोट फिरवले, स्टीलचे ताट घेताना फिरवतो तसे. ओरखडा उठला की नापास. प्रत्येक तार प्रत्येक पट्टीवर वाजवून घेतली, कुठे झिणझिणते का ते ऐकले. पट्टा गळ्यात अडकवून हात सोडायला लावला, तेव्हा एकीचे डोके धाडकन खाली गेले. असली गिटार तासभर सांभाळायची म्हणजे डावा हात हमालीला लावायचा. एकीला आत नऊ व्होल्टची बॅटरी लागत होती. ती ऐन कार्यक्रमात संपली तर दोष बँडला लागणार, बॅटरीला नाही.

शेवटी मी विचारले, "आपली जुनी नीट लावून दिली तर?" कारागिराने तिच्या मानेतली लोखंडी सळई किल्लीने जराशी फिरवली, तारांची उंची उतरवली, नव्या तारा चढवल्या. बिल नव्या गिटारच्या पासंगालाही पुरणारे नव्हते. मी पाठ करून उभा राहिलो आणि चिरंजीवांनी आधी नवी, मग जुनी वाजवली. दुसरीच्या वेळी मी मान डोलावली. वळून पाहिले तर तेच हसत होते.

"बाबा, सध्या हीच राहू दे," ते म्हणाले. "आधी बोटांचं अपग्रेड करतो."

परवा गॅदरिंगला आम्ही दोघे गेलो होतो. आमचे रत्न अगदी मागे, ड्रमच्या सावलीत. "पुढे का नाही उभा राहत हा?" हिने विचारले. इतक्यात एका गाण्यात दोन क्षण त्याने वाजवणे थांबवले. सगळे सभागृह जिन्याची एक पायरी चुकावी तसे दचकले आणि तार पुन्हा बोलली तेव्हा सावरले. हिने माझा हात घट्ट धरला. मग हळूच म्हणाली, "अहो, घ्या त्याला चांगलीशी."

प्रकरण मी फेटाळलेले नाही. फाइलवर शेरा मारून ठेवला आहे: 'अर्जदाराची पत उत्तम. तूर्त आहे ते बास.'