पियानो आणि मजुरीचे सूर

पियानो ही साहेबाच्या दिवाणखान्यातील वस्तू, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. कन्हानच्या आमच्या खाणवस्तीत पेटी होती, ढोलकी होती; पियानो दिसे तो सिनेमाच्या पडद्यावर. तो वाजविणाराही मजुरीवर राबणारा माणूसच होता, हे मला फार उशिरा कळले.

हा माणूस बहुधा गोव्याचा असे. पोर्तुगीज अमदानीत तेथे चर्चला जोडून शाळा असत. मास्तर मुलांना अक्षरांबरोबरच कागदावरचे सूर वाचून गावयास शिकवी आणि हाती व्हायोलिन देई. ही विद्येची पहिली पायरी, म्हणजे संगीताचे व्याकरण. दुसरी पायरी बाख, मोझार्ट यांच्या रचनांची. पियानोच्या सप्तकात बारा पट्ट्या. प्रत्येकीचा सूर ठोकून बसविलेला. तेथे मींड नाही. परंतु दहा बोटांनी अनेक सूर एकाच वेळी उठतात, आणि कोणत्या सुराशी कोणता सूर जुळवावा याचे शास्त्र तेथे शिकावे लागते.

तिसरी पायरी जाझची. १९३५ साली लिऑन ॲबी याचे अमेरिकन निग्रो वादकांचे पथक मुंबईच्या ताज हॉटेलात आले. पुढे टेडी वेदरफर्ड हा पियानोवादकही तेथे वाजवू लागला. १९४५ साली कलकत्त्यात त्याचे निधन झाले. अशा वादकांकडून गोव्याच्या मुलांनी एक नवी गोष्ट उचलली. स्वरसमूहांची चौकट पाळावयाची, पण आतील सूर त्या क्षणी रचावयाचे. आपला ख्यालगायक रागाची मर्यादा राखून असेच करतो.

हीच मंडळी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेली. संगीताचे धडे नागपुरातही घेतलेले सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’त ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांच्या साहाय्यास होते. लुसिला पाशेको पियानोवर बसत. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन यांच्या चालींसाठी वाद्यांचे सूर कागदावर मांडीत. चाल एकाची, गळा दुसऱ्याचा. पण प्रत्येक वाद्याने केव्हा काय वाजवावे, हे लिहिणारा हात तिसऱ्याचाच.

त्या तिसऱ्याचे नाव श्रेयनामावलीत क्वचितच येई. खाणीतील कोळशावर खणणाऱ्याचे नाव नसते, तसेच हे. कोळसा तर जळून जातो. ती गाणी मात्र अजून वाजतात. पुढच्या वेळी ऐकाल, तेव्हा गळ्यामागचा पियानोही ऐका आणि तो कोणी वाजविला, हे विचारा.