निखळलेला जबडा बसविण्याची कुळकथा

मोठी जांभई देताना अगर हास्याच्या भरात ज्याचे तोंड उघडले ते उघडेच राहिले, त्या मनुष्याची अवस्था पाहणारास विनोदी वाटली, तरी आपली कैफियत मांडण्याचे साधनच त्याच्यापाशी उरलेले नसते. या आपत्तीचे मूळ सांध्याच्या रचनेत आहे. कानाच्या पुढे शंखास्थीच्या खळग्यात खालच्या जबड्याचे गोल टोक बसते, दोहोंमध्ये एक लवचीक चकती असते, आणि खळग्याच्या पुढच्या कडेस हाडाचाच एक उंचवटा असतो. तोंड उघडताना ते टोक प्रथम जागच्या जागी फिरते व नंतर चकतीसह पुढे घसरते. परंतु उंचवटा ओलांडून ते पलीकडे उतरले आणि चर्वणाचे बळकट स्नायू आखडून त्यास वर ओढून धरू लागले, म्हणजे परतीची वाट बंद होते. सांध्याचे बंध ज्याचे मुळात सैल, त्याच्यावर हा प्रसंग वारंवार येतो. म्हणूनच असा जबडा नुसता मागे लोटून भागत नाही. तो आधी खाली दाबावा लागतो आणि मग मागे. या कृतीचे सारे मर्म एवढ्यातच आहे.

हे मर्म प्रथम कोणास उमगले, ते सांगता येणार नाही. मात्र त्याचा एक अतिप्राचीन लेखी दाखला इजिप्तचा आहे. 1862 साली लक्सर येथे एडविन स्मिथ या अमेरिकन गृहस्थाने विकत घेतलेला आणि पुढे 1930 मध्ये ब्रेस्टेड या पंडिताने भाषांतरासह प्रसिद्ध केलेला जो पपायरस, तो इसवी सनापूर्वी सुमारे 1600 चा असून त्यातील 48 प्रकरणांपैकी पंचविसावे निखळलेल्या जबड्याचे आहे. वैद्याने दोन्ही अंगठे तोंडात घालून जबड्याच्या मागील टोकांवर ठेवावे, बाकीची बोटे हनुवटीखाली धरावी, जबडा मागे बसवावा आणि मग बरे वाटेपर्यंत रोज मधाचा लेप बांधावा, असा त्यातील हुकूम आहे.

यानंतर हजार वर्षांहून अधिक काळाने हिप्पोक्रेटिसच्या नावावरील सांध्यांच्या ग्रंथात हीच व्याधी येते. एकाने रोग्याचे डोके धरावे, दुसऱ्याने जबडा आतून-बाहेरून पकडून हलवीत राहावे, रोग्यास तो सैल सोडण्यास सांगावे आणि मग एकाएकी मागे न्यावे, अशी ती रीत. जबडा न बसल्यास रोगी बहुधा दहाव्या दिवशी दगावतो, हा इशाराही तेथे आहे, जो आज अतिशयोक्त वाटेल. युरोपीय वैद्यकाने या कृतीस हिप्पोक्रेटिसचे नाव दिले. म्हणजे वहिवाट इजिप्तची आणि दप्तरी नोंद ग्रीकाची, असा हा प्रकार झाला.

आपल्याकडे सुश्रुताने भग्नचिकित्सेत हनुसंधी शेकून, नीट बसवून, वर पंचांगी नावाचा बंध बांधण्यास व औषधी तुपाचे नस्य देण्यास सांगितले आहे. यांपैकी शेकणे मला सर्वांत मार्मिक वाटते, कारण आखडलेला स्नायू सैल झाल्यावाचून हाड हटत नाही. आजचे डॉक्टर शिथिलता आणणारी सुई टोचतात ती याच हेतूने.

मधल्या चकतीकडे शस्त्रवैद्यांचे लक्ष बरेच उशिरा गेले. 1887 साली एडिंबरोच्या अ‍ॅनंडेल यांनी सरकलेली चकती टाके घालून जागेवर आणल्याचे प्रसिद्ध केले. पुढे 1934 मध्ये सेंट लुई येथील कान-घशाचे वैद्य कॉस्टेन यांनी अवघ्या 11 रोग्यांच्या आधारे असे प्रतिपादिले की, दाढा पडल्याने जबडा प्रमाणाबाहेर मिटतो, त्याचे टोक मागे रुतून नसा दाबल्या जातात आणि त्यातून कानदुखी व डोकेदुखी उद्भवते. दंतवैद्यांनी दाढांची उंची वाढविण्याचा धडाका लावला. परंतु 1948 साली शरीररचनाशास्त्रज्ञ सिकर यांनी, त्या नसा ज्या ठिकाणी आहेत तेथे असा दाब पडणेच संभवत नाही, असे दाखवून दिले. शरीररचनेचे नाव घेऊन मांडलेला सिद्धांत शरीररचनेनेच खोडून काढला, हे योग्यच झाले.

ज्यांचा जबडा एकदा निखळला आहे, त्यांनी जांभई येताच हनुवटीखाली मूठ धरावी. आणि पुन्हा निखळलाच, तर घरच्या माणसांनी अंगठे न घालता दवाखाना गाठावा, कारण सांधा बसताक्षणी दात जोराने मिटतात व म्हणूनच जाणते वैद्यही आपले अंगठे पट्टीने गुंडाळूनच या कामास हात घालतात.