उतारी

स्मरणिका समितीने विषय वाटून दिले तेव्हा माझ्या वाट्याला ‘शाळेतील खेळ’ हा विषय आला. कबड्डी आणि खो-खोबद्दल लिहायला माझ्यापेक्षा लायक माणसं आपल्या वर्गात आहेत. मी दोन्हींत पहिल्या फेरीत बाद व्हायचो. मी लिहिणार आहे तो खेळ शाळेच्या कुठल्याच वहीत नोंदलेला नाही. तो आपण पाण्याच्या टाकीमागे, मधल्या सुट्टीत, एकजण पहाऱ्याला उभा करून खेळायचो. मेंढीकोट.

१९८६ च्या दहावीच्या तुकडीला वेगळं सांगायला नको, पण नंतरच्या मुलांसाठी सांगतो. चारजण, समोरासमोरचे दोघे भिडू. हुकूम ठरला की हात ओढायचे आणि दश्श्या पकडायच्या. चारही दश्श्या एकाच जोडीकडे गेल्या की समोरच्यांवर मेंढीकोट. तो चढला की दिवसभर चेष्टा. आमच्या टोळीत एकजण असा होता की कोण काय टाकून बसलं आहे हे त्याला शेवटच्या हातापर्यंत पाठ असायचं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. हजेरीत तो माझ्या अगदी आधी यायचा, एवढं आपल्या वर्गाला पुरेसं आहे. त्याला आपण ‘भिडू’च म्हणायचो, कारण ज्याला त्याला तोच भिडू म्हणून हवा असायचा.

एकदा गणिताच्या सरांनी आम्हाला पकडलं. सर, तुम्ही हे वाचत असाल तर तुम्हाला आठवत असेल. कॅट जप्त झाला, छड्या मिळाल्या आणि निरोप समारंभाच्या दिवशी तुम्ही तो परत दिलात. देताना म्हणालात, “एक पान कमी आहे रे. चौकटची सत्ती.” म्हणजे सरांनी पानं मोजली होती! ती सत्ती आमच्याकडे आधीपासूनच नव्हती, तिच्या जागी आम्ही बिडीच्या पुड्याचा पुठ्ठा कापून घातला होता. भिडू नंतर कितीतरी दिवस म्हणायचा, “सरांना पत्ते येतात. नुसती मोजली नाहीत, लावून बघितली.”

तेव्हाचं शेंद्रा कसं होतं ते आजच्या मुलांना सांगून पटत नाही. जालना रोडवर एसटीची वाट बघायची, दोन्ही बाजूंना ज्वारी-कपाशी, आणि चैत्रात मांगीरबाबाच्या यात्रेला सगळी वाट माणसांनी भरलेली. आता त्याच रानात पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे. २००१ मध्ये इथे स्कोडाच्या गाड्या बनू लागल्या आणि मग ‘ऑरिक’च्या पाट्या लागल्या. ज्या बांधावर आम्ही बोरं खाल्ली तो बांध आता कुठल्या कंपनीच्या कंपाउंडमध्ये आहे यावर आमचा अजून वाद होतो.

दहावीनंतर तो पुढे औरंगाबादच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात गेला, मी वाणिज्य शाखेला. तिथल्या हॉस्टेलवर तो ब्रिज शिकला. सुट्टीत आला आणि मला म्हणाला, “लेका, हा आपला मेंढीकोटच आहे, फक्त ह्यात खेळायच्या आधी बोलायचं असतं.” ब्रिजची याहून चांगली व्याख्या मी अजून ऐकलेली नाही. चार माणसं, दोन जोड्या, तेरा हात, हुकूम, सगळं तेच. फरक एवढाच की हुकूम कोणता आणि आपण किती हात करणार हे आधी बोलीत सांगायचं, आणि बोली जिंकणाऱ्याच्या भिडूने आपली पानं सगळ्यांसमोर टेबलावर मांडून गप्प बसायचं. त्याला डमी म्हणतात. गप्प बसणं मला कधीच जमलं नाही.

घरी मात्र अडचण झाली. त्याचे वडील माळकरी. पत्ते म्हणजे जुगार हे त्यांचं ठाम मत. भिडूने त्यांना सर्वोच्च न्यायालयाचा दाखला दिला. १९६७ च्या एका निकालात न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि त्यातला नशिबाचा भाग ब्रिजमध्ये पानं वाटताना असतो तसाच आहे असं म्हटलं. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “कोर्टाला शेत आहे का?” पुढे त्याला नोकरी लागली, घरात पैसा येऊ लागला, तेव्हा तेही त्याच्या मागे उभे राहून डाव बघायला लागले.

आज ज्या रूपात ब्रिज खेळला जातो त्याचं वय फार नाही. आधी व्हिस्ट होता, त्यातून ब्रिजचे दोन-तीन प्रकार निघाले. मग १९२५ मध्ये हॅरल्ड व्हँडरबिल्ट नावाच्या अमेरिकन धनिकाने पनामा कालव्यातून हवानाकडे जाणाऱ्या बोटीवर गुण मोजण्याची नवी रीत आखली. बोलीत सांगितलं तेवढंच डावाच्या खात्यात, जास्तीचे हात नुसती वरकमाई. त्यामुळे बोलीला किंमत आली. नेमकं किती बोलायचं हा प्रश्न मोठा झाला, आणि तो सोडवण्यासाठी माणसं आयुष्यं खर्चू लागली.

अशा माणसांतला भिडूचा लाडका होता एस. जे. सायमन. औरंगपुऱ्यात जुन्या पुस्तकांत त्याला सायमनचं ‘व्हाय यू लूज ॲट ब्रिज’ मिळालं, पाठीमागचं कव्हर फाटलेलं. ते त्याने मरेपर्यंत जपलं. सायमन १९०४ साली मांचुरियातल्या हार्बिन शहरात एका रशियन कुटुंबात जन्मला. क्रांतीनंतरच्या पांगापांगीत तो पश्चिमेकडे आला आणि लंडनमध्ये वनशास्त्र शिकायला लागला. झाडं राहिली बाजूला. पत्ते आणि लेखन ह्या दोन गोष्टींनी त्याला धरलं. कपड्यांनी अजागळ, मित्रांत ‘स्किड’ म्हणून लाडका. बॅलेची समीक्षा करणाऱ्या कॅरिल ब्राह्म्स ह्या बाईंबरोबर त्याने विनोदी कादंबऱ्या लिहिल्या. पहिली १९३७ ची, ‘अ बुलेट इन द बॅले’. शेक्सपिअरवरचीही एक आहे.

पत्त्यांत त्याचं मोठं काम म्हणजे ‘अॅकॉल’ ही बोलीची पद्धत. लंडनच्या उत्तर भागात अॅकॉल रोडवर एक ब्रिज क्लब होता. १९३० च्या दशकात तिथे जॅक मार्क्स, सायमन, हॅरिसन-ग्रे अशी मंडळी जमायची. पुढे ब्रिटनचे अर्थमंत्री झालेले इयन मॅक्लाउडही त्यांतलेच. त्यांनी वादावादी करत करत ही पद्धत घडवली आणि रस्त्याचं नाव तिला चिकटलं. इंग्लंडात ती घराघरांत पोचली. आमच्या शेंद्र्याच्या टेबलावर तिचं नाव दोन आठवड्यांत ‘अकोला पद्धत’ झालं ते शेवटपर्यंत. नवीन आलेल्या एका इंजिनिअरने तर विचारलं होतं, ही विदर्भातली आहे का म्हणून.

पण भिडूचा जीव जडला होता तो १९४५ च्या त्या पुस्तकावर. त्यात पानं कशी खेळावीत हे थोडं आणि माणसं कशी असतात हे जास्त आहे. चार पात्रं आहेत. स्वतःवर खूश असलेला मिस्टर स्मग. चलाख पण नेमक्या वेळी चुकणारा फ्युटाइल विली. बिचारी, घाबरत खेळणारी मिसेस गुगेनहाइम. आणि चौथा अनलकी एक्सपर्ट, म्हणजे सगळ्यांत हुशार आणि तरी पैसे घालवणारा. तो का घालवतो? समोर मिसेस गुगेनहाइम बसलेली असताना तो असं खेळतो की जणू समोर दुसरा एक्सपर्टच आहे. सायमनचं म्हणणं सोपं आहे: पुस्तकातल्या उत्तम निकालामागे धावू नका. हा भिडू, हा दिवस, हे टेबल धरून जो निकाल पदरात पडण्यासारखा आहे तो घ्या. आणि टेबलावर भिडूची शाळा घेऊ नका, चिडलेला भिडू पुढचे चार डाव वाईट खेळतो.

२००० नंतर आम्ही दोघेही पुन्हा शेंद्र्यात आलो, तो एका कारखान्याच्या उत्पादन विभागात, मी दुसऱ्याच्या हिशेब खात्यात. दर गुरुवारी पाळी सुटल्यावर चौघं बसायचो. भिडूने आम्हा सगळ्यांना सायमनची नावं वाटली होती. मला वाटायचं मी एक्सपर्ट. त्याने मला मिस्टर स्मग ठरवलं होतं हे मला फार उशिरा कळलं.

आता जे सांगायचं म्हणून हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. २००८ मध्ये वसाहतीतल्या कंपन्यांची एक स्पर्धा झाली. अंतिम फेरीत आम्ही दोघे भिडू. शेवटून दुसरा डाव. समोरच्यांनी चार इस्पिकची बोली केली. माझ्याकडे बदामचा एक्का आणि राजा, किलवरचा एक्का, आणि हुकमाची राणी, तिच्यासोबत दोन छोटी इस्पिकं. चार हात माझ्याच हातात दिसत होते आणि त्यांना बुडवायला चारच लागतात. मी डबल म्हणालो, जरा मोठ्यानेच. उतारी भिडूची होती. त्याने चौकट उतरवली. समोरच्याने ती घेतली, इस्पिकचा एक्का खेळला, दोन मिनिटं छताकडे बघितलं, डमीच्या हातात गेला आणि तिथून छोटं इस्पिक खेळून गुलामाने माझ्या राणीला बगल दिली. माझी राणी मेली. डाव झाला. १०० मिळायचे तिथे ७९० गेले आणि स्पर्धाही गेली.

मी सगळ्यांसमोर भिडूवर ओरडलो. बदाम का नाही उतरवलास? शाळेपासून खेळतोस आणि एवढं कळत नाही? बरोबर बसलेली मंडळी खाली बघायला लागली. तो म्हणाला, “चुकलं असेल,” आणि शेवटच्या डावाची पानं पिसायला घेतली.

त्यानंतर मी दुसरा भिडू शोधला. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. लग्नकार्यात भेटायचो, मुलांच्या शाळांबद्दल बोलायचो. निघताना तो नेहमी विचारायचा, “पानं कशी येतात?” मी म्हणायचो, बरी येतात. चार वर्षं असंच चाललं. २०१२ च्या फेब्रुवारीत पहाटे त्याला हृदयविकाराचा झटका आला. बेचाळीस वर्षांचा होता. सायमनही असाच अचानक गेला, जुलै १९४८ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी. त्याची दोन पुस्तकं मागाहून छापून आली.

वर्षश्राद्धाला वहिनींनी मला ते फाटक्या कव्हरचं पुस्तक दिलं. म्हणाल्या, “भावजी, ह्यात तुमचं नाव फार वेळा आहे.” घरी येऊन पाहिलं तर समासांत पेन्सिलीने आमचे डाव लिहिलेले. आणि शेवटच्या कोऱ्या पानावर तो डाव, बावन्नच्या बावन्न पानं, चारही हात, त्याच रात्रीची तारीख घालून. खाली त्याने चार उताऱ्या एकेक करून खेळून बघितल्या होत्या. चौकट उतरवली तर तीन हात. बदाम उतरवला तरी तीन. किलवर तीन. हुकूम तीन. म्हणजे उतारीने काहीच होणार नव्हतं. नऊ हुकूम असलेला माणूस साधारणपणे एक्का-राजा वाजवून राणी पडायची वाट बघतो, तशी माझी राणी वाचली असती आणि डाव बुडला असता. राणी कुणाकडे आहे हे त्याला माझ्या डबलने सांगितलं होतं. भिडूने ‘डबल’ ह्या शब्दाभोवती एक गोल काढला होता. त्यापलीकडे एक अक्षर नाही.

त्याला हे त्याच रात्री कळलं होतं. पुढची चार वर्षं, दर लग्नात, दर बारशात, मला सांगायची त्याला संधी होती. माझ्याकडे तर काही न सांगताही माफी मागायची संधी होती, कारण उतारी चुकली असती तरी मी बोललो ते बोलायचं नव्हतं.

२०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदा आला आणि प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार ह्या जोडीने भारताला सुवर्ण मिळवून दिलं. एकाचं वय साठ, दुसऱ्याचं छप्पन्न. टीव्हीवर ती दोन शांत, पिकल्या केसांची माणसं बघताना मी मनात हिशेब केला. भिडू तेव्हा अठ्ठेचाळीसचा असता. तो सुवर्ण जिंकला असता असं मी म्हणत नाही, तेवढा मोठा खेळाडू तो नव्हता. पण छप्पन्नाव्या वर्षी, साठाव्या वर्षी तो गुरुवारी टेबलावर असता, आणि समोर कोण बसणार यावरून भांडणं झाली असती.

सरांना एक सांगायचं राहिलं. तुम्ही परत दिलेला कॅट त्याच्याच घरी होता, पुठ्ठ्याच्या सत्तीसकट. वहिनींनी तोही मला दिला. स्नेहमेळाव्याला कॅट आणि पुस्तक दोन्ही घेऊन येतोय. शेवटचं पान ज्याला बघायचं असेल त्याने बघावं, आणि ब्रिज कळणाऱ्याने माझा हिशेब तपासावा. जेवणानंतर टाकीमागे बसू. आपल्या तुकडीतले तिघं खेळणारे आहेत. चौथा नवखा चालेल, मेंढीकोट येत असला म्हणजे झालं. मी ह्या वेळी डमी व्हायला तयार आहे.