अहिराणी

अहिराणी : खानदेश आणि नाशिक जिल्ह्याचा उत्तर भाग येथील भारतीय-आर्य भाषा. जनगणनेत ती ‘खानदेशी’ या नावाखाली येते. धुळे, नंदुरबार, जळगावचा पश्चिम भाग आणि ‘कसमादे’ (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) हा तिचा मुख्य पट्टा.

नाशिक जिल्ह्यातली तिची वेस विंचूर-प्रकाशा रस्त्याने गेल्यास नुसत्या कानाने कळते. निफाड तालुक्यातले विंचूर गोदावरीच्या खोऱ्यात, तिथली बोली मराठी. लासलगाव, चांदवड मागे टाकून भावडबारीचा घाट उतरला की गिरणेचे खोरे लागते आणि देवळा-सटाण्याच्या बाजारात ‘आहे’च्या जागी ‘शे’ कानी पडते. सातमाळ्याची रांग पाण्याबरोबर बोलीही वाटून देते. चांदवड-नांदगावकडे अर्थात सरमिसळ आहे.

नाव अहीर, म्हणजे आभीर, या समाजावरून आले. नाशिकच्या पांडवलेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाचा तिसऱ्या शतकातला शिलालेख आहे. त्याच्या आधारे भाषेचे वय सांगण्याचा मोह अनेकांना होतो, पण तो लेख संस्कृतमिश्रित प्राकृतात आहे. अहिराणीविषयी तो काहीच सांगत नाही.

मराठी माणसाला अहिराणी निम्मी समजते, आणि उरलेली निम्मी गुजरातीकडे झुकलेली वाटते. षष्ठीला ना-नी-न (‘मना भाऊ’), सप्तमीला ‘मा’ (‘घरमा’), वर्तमानकाळात ‘करस’, ‘जास’. मुलगा तो ‘आंडोर’, मुलगी ती ‘आंडेर’. ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून डोळा ‘डोया’ आणि काळा ‘काया’. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात (१९०७) खानदेशी भिल्ली भाषांच्या खंडात आहे, तर मराठी अभ्यासक बहुधा तिला मराठीची बोली म्हणतात. व्याकरण पाहता हा दावा जरा घाईचाच. बहिणाबाई चौधरींना (१८८०-१९५१) सर्रास अहिराणी कवयित्री म्हटले जाते, मात्र असोद्याच्या बहिणाबाईंची भाषा लेवा गणबोली. दोन्ही खानदेशातल्या असल्या तरी वेगळ्या.

२०११च्या जनगणनेत खानदेशीचे भाषक सुमारे १८ लाख ६० हजार होते, २००१मध्ये ते २० लाखांवर होते. या घटीचा अर्थ सावधपणे लावावा लागतो, कारण घरात अहिराणी बोलणारी पुष्कळ कुटुंबे मातृभाषा विचारली की ‘मराठी’ सांगतात. शाळा, कचेरी, लग्नपत्रिका सगळे मराठीतच असते. पोटापाण्यासाठी माणसे नाशिकच्या सातपूर-अंबडला गेली तशी सुरतच्या उधना-लिंबायतलाही गेली, आणि भाषा त्यांच्याबरोबर गेली. ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही.

अहिराणीला स्वतंत्र लिपी नाही. गावचे कुलकर्णी दप्तर मोडीत लिहीत, पण मराठीतून. अहिराणी राहिली ती कानबाई या देवीच्या आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, गाण्यांत, ओव्यांत, म्हणींत. आज ती देवनागरीत लिहितात. बडोद्याच्या ‘भाषा’ संस्थेच्या ‘ढोल’ या नियतकालिकाची अहिराणी आवृत्ती सटाण्याचे सुधीर देवरे यांनी संपादित केली. रमेश सूर्यवंशी यांनी शब्दकोश रचला. देवनागरीत अक्षरांची उणीव भासत नाही. खरी अडचण शुद्धलेखनाची. ‘माझा’ हा एकच शब्द कोणी ‘मना’ लिहितो, कोणी ‘मन्हा’, आणि बागलाणातला, म्हणजे सटाण्याकडचा, लेखक नंदुरबारच्या उच्चाराप्रमाणे लिहायला राजी नसतो.