निवडुंगात नशा असते का?

मागच्या महिन्यात फलटण तालुक्यातल्या आमच्या एका बचत गटाची बैठक होती. शेळ्यांच्या चाऱ्यासाठी बांधावर बिनकाट्याचा निवडुंग लावायचा विषय निघाला. एक ताई म्हणाल्या, "मोबाइलवर बघितलं, निवडुंगात नशेचं औषध असतं. तो शेळ्यांना घालायचा आणि त्यांचं दूध लेकरांना पाजायचं?" शंका रास्त होती. म्हणून आज निवडुंगाचा इतिहास सांगते.

चहातलं कॅफिन, तंबाखूतलं निकोटिन, अफूतलं मॉर्फिन ही झाडात आपोआप तयार होणारी द्रव्यं. त्यांना अल्कलॉइड म्हणतात. निवडुंगाच्या कुळातही ती सापडतात. मेक्सिकोत पेयोटे नावाचा बटणाएवढा निवडुंग होतो. तिथले आदिवासी पूर्वापार तो पूजाविधीत खातात. 1897 मध्ये आर्थर हेफ्टर या जर्मन शास्त्रज्ञाने त्यातली द्रव्यं वेगळी केली आणि स्वतःच खाऊन पाहिली. भास होतात ते मेस्कलिनने, हे तेव्हा कळलं. आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात मेस्कलिनचं नाव आहे.

आपला फड्या निवडुंगही मूळचा अमेरिकेचाच, पण जात वेगळी. अठराव्या शतकाच्या शेवटी ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासकडे निवडुंगावर कोचिनील किडे पाळून लाल रंग काढायचा खटाटोप केला. तो फसला, निवडुंग मात्र माजला. शेवटी 1926 मध्ये सिलोनहून दुसऱ्या जातीचे किडे आणले, तेव्हा दक्षिणेतली फड्याची रानं हटली.

दुष्काळात काटे जाळून हाच फड्या जनावरांना घालत. चाऱ्याचा बिनकाट्याचा निवडुंग त्याच्याच गोतातला. नशा येईल एवढं मेस्कलिन त्यात नसतं. उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने या चाऱ्यावर काम केलं आहे. फक्त त्यात पाणीच फार, नुसता घातला तर शेळी पातळ हगते. म्हणून कडब्याबरोबर द्यायचा.

खरी भीती कुंपणाच्या शेराची आणि तीनधारी निवडुंगाची. त्यांना निवडुंग म्हणत असलो तरी त्यांचं कूळ वेगळं. मोडलं की पांढरा चीक येतो. तो डोळ्यात गेला तर आग होते, नजरेलाही धोका असतो. लगेच स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धुवा आणि दवाखाना गाठा. फड्याला असा पांढरा चीक नसतो. ही खूण घरातल्या पोरांनाही दाखवून ठेवा.

आमच्या बांधावर पहिले दोन फडे त्याच ताईंनी लावले. शंका विचारली म्हणूनच आम्हा सगळ्यांना कळलं.