श्रावण १९५५ : दारव्हा ते मूर्तिजापूर

रात्रीपासून पावसाची झड लागली आहे. तुम्ही दारव्हा मोतीबाग स्टेशनवर उभे आहात आणि साल आहे १९५५. खिशात आणे आहेत. नवे पैसे यायला अजून दोन वर्षं लागतील. दारव्हा या घडीला मध्य प्रदेशात आहे, राजधानी नागपूर. मुंबई राज्यात आपण जाणार ते १ नोव्हेंबर १९५६ला.

चपला तुमच्या हातात आहेत. वऱ्हाडची काळी माती श्रावणात चप्पल पायात राहू देत नाही, आणि बैलगाडीचं चाक तर आखापर्यंत गिळते. इजियन समुद्रात पिरेयस बंदरातून सुटलेली बोट बेटामागून बेट घेत जाते आणि प्रत्येक धक्क्यावर चुलीचा वेगळा वास येतो, असं ग्रीसला जाऊन आलेले लोक सांगतात. दारव्ह्याला समुद्र नाही. पण चिखलाने वाटा तोडल्या, नाले भरले, की इथलं एकेक गाव बेटच होऊन बसतं. त्या बेटांना जोडणारी बोट म्हणजे ही समोरून धूर सोडत येणारी अडीच फुटी रुळांवरची गाडी. लाडखेडकडून ती आली आहे. मँचेस्टरमध्ये १९२१ साली घडलेलं तिचं इंजिन १९२३पासून या रुळांवर आहे आणि १५ एप्रिल १९९४पर्यंत राहणार आहे.

चढा. डब्यात ओल्या घोंगड्यांचा, कोळशाचा आणि लसणाच्या फोडणीचा वास एकत्र झाला आहे. बाकावरची एक म्हातारी गाठोडं मांडीवर घेते.

"काहून उभे रायले बाप्पा? बसा इकडं. कोण्या गावचे?"

"दारव्ह्याचाच, आजी."

"मंग तं घरचेच झाले."

गाडी हलते. दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली आहे, मध्ये तुरीची तासं. या पऱ्हाटीसाठीच हे रूळ पडले. किलिक निक्सन कंपनीने १९१०मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली ती वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मुख्य मार्गावर पोचवायला, म्हणजे पुढे मुंबई बंदर आणि मँचेस्टरच्या गिरण्या. देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी हा मार्ग कंपनीचाच राहिला. माणसांची सोय हा त्यांचा हेतू नव्हता. तरी माणसांनी गाडी आपली करून घेतली. पुढे तिला शकुंतला म्हणू लागले. माझ्या मते तिचा खरा इतिहास गाठींच्या हिशेबात नाही, या डब्यात आहे.

कारण आता आजी गाठोडं सोडते आहे. ज्वारीच्या भाकरी, फडक्यात अजून कोमट. अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली. तिच्यात बोटाने खळगा करून आजी बाटलीतलं लसणाचं तेल ओतते. शेजारचा शेतकरी जवसाची चटणी पुढे करतो, त्याची बायको पाटोड्यांचा डबा उघडते, कोणीतरी बुक्कीने कांदा फोडतो. पळसाचं पान तुमच्या हातात येतं आणि तुम्ही नको म्हणायच्या आत त्यावर भाकर पडते.

"घ्या नं, लाजता काहून?"

पहिला घास तोंडात ठेवा. अंबाडीचा आंबटपणा आधी जिभेच्या कडांना लागतो, मग तेल त्याला आवरतं, आणि हिरव्या मिरचीचा ठेचा मागून येऊन कानशिलं गरम करतो. बाहेर पाऊस, आत डोळ्यांत पाणी. एका डब्यात चार गावांच्या चुली तुम्ही चाखता आहात. एकीची भाजी घट्ट, दुसरीची सरबरीत. एकीच्या ठेच्यात शेंगदाणे, दुसरीला ते अजिबात मान्य नाहीत, आणि त्यावरून वाद रंगतो. अशा भाजीला चूल, घाई नसलेला प्रवास आणि वाटून खाणारी माणसं लागतात. हॉटेलच्या ताटात मला ती चव कधी भेटली नाही.

कारंजा आलं. गुरुमंदिराला जाणारे उतरतात. नृसिंह सरस्वतींचं हे जन्मगाव. जैनांच्या जुन्या हस्तलिखितांसाठीही कारंजा प्रसिद्ध आहे, पण आज वेळ नाही. आजीही इथेच उतरते आणि उरलेली भाकर तुमच्या फडक्यात बांधून जाते.

मूर्तिजापूरला मोठे रूळ भेटतात. इथून एक छोटी गाडी अचलपूरला जाते. यवतमाळपासून इथवरचे ११३ किलोमीटर आणि पुढचे ७६, एवढा या छोट्या रुळांचा पसारा.

आता परत या. २०१०नंतरच्या दशकात ही गाडी थांबली. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा ब्रॉडगेज मार्ग दारव्ह्यावरून जाणार आहे आणि त्याची वाट आपण सगळेच पाहतो आहोत. पण तो कारंजा-मूर्तिजापूरला जात नाही. दारव्ह्याला आपली जुनी वाटही हवी, ब्रॉडगेज होऊन हवी, आणि ती मागत राहिलं पाहिजे. तोवर एक करा. घरात शकुंतलेने गेलेलं कोणी वडीलधारं असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि शिदोरीत काय काय असायचं ते लिहून घ्या.