आधी कान, मग जीभ, मग पाटी

बचतगटाच्या बैठकीत कर्जाचं कारण विचारलं की शेळी, शिलाई मशीन, दवाखाना यांच्या जोडीला आता आणखी एक कारण येतं, पोराची इंग्रजी शाळेची फी. पोटाला चिमटा काढून आपण ही फी भरतो. पण त्या पैशातून मूल नेमकं काय शिकतं, हे आपण फारसं विचारत नाही. वही भरलेली दिसली की आपलं समाधान होतं.

कुठलीही भाषा शिकायची म्हणजे चार कामं आली : ऐकून समजणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं. लहान मुलाला यातलं आधी काय शिकवायचं? आपल्या देशात गेल्या जवळजवळ दोनशे वर्षांत याचं उत्तर अनेकदा बदललं. आज त्याचीच गोष्ट आम्ही सांगणार आहोत. ती कळली तर शाळेत जाऊन काय विचारायचं तेही कळेल.

सुरुवात 1835 सालापासून करू. त्या वर्षी मेकॉले साहेबानं आपलं प्रसिद्ध टिपण लिहिलं आणि गव्हर्नर जनरल बेंटिंकनं सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणावर खर्च करायचं ठरवलं. पुढं 1844 साली हार्डिंजनं जाहीर केलं, की सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना आधी घेतलं जाईल. आता बघा, सरकारला हवे होते कारकून. कारकुनाचं काम काय? अर्ज वाचायचा, नक्कल करायची, मराठीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं मराठी करायचं. म्हणून शाळेत लाडकं काम ठरलं ते लिहिण्याचं आणि भाषांतराचं. आधी व्याकरणाचे नियम पाठ, मग शब्दांचे अर्थ पाठ, मग वाक्यांचं भाषांतर. आपल्याकडं तर्खडकरांची भाषांतर पाठमाला कित्येक पिढ्यांनी गिरवली. त्या पद्धतीनं लिहिणारे चांगले तयार झाले, यात शंका नाही. पण ती मोठ्या, नोकरीच्या आशेनं बसलेल्या मुलांसाठी होती. सहा वर्षांच्या लेकराचा त्यात विचारच नव्हता.

आणि बायकांचा? त्यांना नोकरी मिळणार नव्हती, म्हणून त्यांना इंग्रजी कशाला, असंच सगळे म्हणत. सावित्रीबाई फुल्यांनी मात्र वेगळं ओळखलं. 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि 1854 साली आलेल्या 'काव्यफुले' या त्यांच्या संग्रहात इंग्रजी शिका असं सांगणारी कविताही होती. शूद्रातिशूद्रांना ज्ञानाची कवाडं उघडण्याचा तो एक रस्ता आहे, अशी त्यांची धारणा होती. कल्याणच्या आनंदीबाई जोशी नवऱ्याकडून इंग्रजी शिकल्या. अमेरिकेला डॉक्टरकी शिकायला जाण्याआधी, 1883 साली, बंगालातल्या श्रीरामपूरला त्यांनी भर सभेत आपण का जातोय ते इंग्रजीतून सांगितलं. रमाबाई रानड्यांनाही न्यायमूर्तींनी इंग्रजी शिकवलं, पण त्यासाठी घरातल्याच बायकांची बोलणी त्यांना सोसावी लागली. ते सगळं त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. पुण्यात 1884 साली मुलींचं हायस्कूल, म्हणजे हुजूरपागा, निघालं तेव्हा मुलींना इंग्रजी शिकवण्यावर पुण्यातल्या वर्तमानपत्रांतून कडक टीका झाली. सख्यांनो, इंग्रजी कुणी शिकायचं हा वाद तेव्हापासून आहे.

आता 1920 च्या आसपास येऊ. ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात मायकेल वेस्ट नावाचे प्राचार्य होते. त्यांनी बंगालमधली मुलं पाहिली. बरीच मुलं चार-दोन वर्षं शिकून शाळा सोडायची. मग वेस्टनी 1926 साली आपल्या पुस्तकात एक हिशेब मांडला, तो आपल्याला लगेच कळेल. विम्याचे हप्ते मध्येच थांबवले तर हातात काहीतरी परत मिळतं ना? तसं मुलानं मध्येच शाळा सोडली तर त्याच्या हातात इंग्रजीचं काय उरतं? अर्धवट व्याकरण आणि अर्धवट भाषांतर यांचा उपयोग शून्य. पण वाचता आलं, तर ते आयुष्यभर साथ देतं. म्हणून वेस्ट म्हणाले, आधी वाचायला शिकवा. त्यांनी सोप्या, ठरावीक शब्दांची वाचनमाला तयार केली. त्यात नवीन शब्द थोडे थोडे येत आणि आलेला शब्द पुन्हा पुन्हा भेटत असे. शाळा सुटलेल्या मुलांचा विचार करून आखलेला हा अभ्यास होता, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजीची सुरुवात आठवीपासून झाली. पुढं महाराष्ट्रात ती पाचवीपासून आली. आपल्यातल्या पुष्कळ जणी त्याच पाचवीच्या इंग्रजीच्या. 1950 नंतर देशात वाक्यरचनांची पद्धत आली. 1958 साली हैदराबादला इंग्रजी शिकवण्याच्या प्रशिक्षणासाठी केंद्रीय संस्थाही निघाली. या पद्धतीचं म्हणणं असं : आधी ऐकणं, मग बोलणं, मग वाचणं, शेवटी लिहिणं. क्रम अगदी बरोबर होता. बाईंनी पुस्तक उचलायचं, "धिस इज अ बुक" म्हणायचं, मुलांनी मागून म्हणायचं. पण साठ-सत्तर मुलांच्या वर्गात त्याचा कोरस झाला. सगळी मुलं एका सुरात म्हणत. कुणाला अर्थ कळला, कुणाला नाही, हे कळायला मार्ग नव्हता. आणि परीक्षा? ती तर कागदावरच. जे परीक्षेत विचारतात तेच शिकवलं जातं. म्हणून बोलण्याच्या नावानं सुरू झालेला तास शेवटी फळ्यावरून उतरवून घेण्यावर आला. आणि दहावीला इंग्रजीत गेली म्हणून शिक्षण थांबलं आणि लग्न झालं, असं गावोगाव कितीतरी मुलींचं झालं.

याच काळात दोन वेगळे प्रयोग झाले. अमेरिकेत जेम्स ॲशर नावाच्या मानसशास्त्राच्या अभ्यासकानं 1960 नंतर एक साधी गोष्ट मांडली. मूल बोलायच्या आधी कितीतरी महिने नुसतं ऐकतं. आपण म्हणतो, "बाळा, ये. बस. बॉल दे." ते बोलत नाही, पण येतं, बसतं, बॉल देतं. म्हणजे भाषा त्याच्या अंगात मुरत असते. मग परकी भाषाही तशीच शिकवा : सूचना द्या, मुलांना ती करू द्या, बोलायची सक्ती करू नका. बोलणं आपोआप येतं. दुसरा प्रयोग आपल्या दक्षिण भारतातला. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळूर, मद्रास भागातल्या शाळांत मुलांना व्याकरणाऐवजी कामं दिली. नकाशा बघून रस्ता शोधा, वेळापत्रक बघून गाडी कुठली ते सांगा. काम सोडवता सोडवता मुलं इंग्रजी ऐकत, वाचत, वापरत होती. लक्ष अर्थाकडं होतं, नियमाकडं नव्हतं.

मग आलं 2000 साल. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना महाराष्ट्रानं मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं. मोठा वाद झाला. काही म्हणाले, एवढ्याशा जिवावर ओझं कशाला, मराठीचं काय होणार? तर काही म्हणाले, शहरातल्या पैसेवाल्यांच्या मुलांना जे मिळतं ते जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला का नको? दोन्ही बाजूंत तथ्य होतं. आमच्या विषयापुरती महत्त्वाची गोष्ट अशी, की लहान वर्गांत भर ऐकण्या-बोलण्यावर दिला गेला. गाणी, चित्रं, हावभाव, खेळ, सूचना. आणि यात रेडिओनंही हातभार लावला. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेनं 'वुई लर्न इंग्लिश' ही रेडिओ-पाठमाला तयार केली. रेडिओतून प्रश्न यायचा, वर्गातली मुलं मोठ्यानं उत्तर द्यायची. ज्या शाळेत इंग्रजी बोलणारं कुणी नव्हतं, तिथं आवाज पोचला. रेडिओवर बोलणाऱ्या आम्हा बायांना याचा अभिमान वाटणारच.

या सगळ्या गोष्टीतून आम्ही काय घ्यायचं? एक, प्रत्येक काळात लाडकं काम ठरलं ते गरजेप्रमाणं : कारकून हवे होते तेव्हा लिहिणं, शाळा लवकर सुटत होती तेव्हा वाचणं. मग आज आपल्या लेकरांची गरज काय आहे, हे आपणही ठरवलं पाहिजे. दोन, लहान मुलाचं लिहिणं शेवटी येतं. पहिलीतल्या मुलाची इंग्रजी वही भरलेली नसेल तर घाबरू नका, पण त्याला "ओपन द डोअर" म्हटल्यावर तो दार उघडतो का ते बघा. तीन, ज्याची मायबोली पक्की, त्याची दुसरी भाषा लवकर रुजते. मराठीत गोष्ट समजून घ्यायला, सांगायला शिकलेलं मूल तीच हातोटी इंग्रजीत नेतं. म्हणून रात्री लेकरांना गोष्ट सांगणारी आई किंवा आजी, तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नसलं तरी, त्याच्या इंग्रजीचाच पाया घालते.

आणि शेवटचं, हक्काचं. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया असल्या पाहिजेत, असं सांगितलंय. तेव्हा सख्यांनो, पुढच्या बैठकीला नुसती सही करून येऊ नका. गुरुजींना, बाईंना आदरानं विचारा : आमची मुलं इंग्रजी तासाला किती वेळ ऐकतात? प्रत्येकाला बोलायची संधी मिळते का? वाचायला सोपी गोष्टीची पुस्तकं वर्गात आहेत का? मुलांच्या हातात येतात का, की कपाटात कुलूपबंद असतात? खासगी शाळेत फी भरत असाल तर तिथंही हेच विचारा. फी किती आणि गणवेश कसला, यापेक्षा या प्रश्नांची उत्तरं जास्त खरं सांगतील.

आनंदीबाई आणि रमाबाईंना इंग्रजी शिकायला घरच्यांची साथ नाही तर बोलणी, यातलं काहीतरी सोसावं किंवा मिळवावं लागलं. आपल्या लेकींना निदान घरातून तरी साथच मिळू द्या. गटाच्या बैठकीत यावर बोला आणि काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.